माशाचं पोट, खाद्य आणि अँटिबायोटिक : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शेततळ्यातल्या मत्स्यपालनावर लेख आला आणि तेव्हापासून पत्रं, मेसेज, फोटो येतच आहेत. फोटो बघून रोग सांगा म्हणणारे जास्त, ते काही मला जमत नाही, आणि जमतं म्हणणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. पण बहुतेकांचं विचारणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं, खाद्य कुठलं घालू आणि अँटिबायोटिक घालू का, म्हणून या वेळी सगळं माशाच्या पोटावरच घेतलंय.

प्रश्न : मॅडम, माझं अर्ध्या एकराचं शेततळं आहे, प्लास्टिक कागद टाकलेलं. रोहू, कटला, मृगळ सोडलेत. पावसाळ्याच्या शेवटी माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसले, रोज चार-पाच मासे मरून वर यायचे. दुकानदार म्हणाला ऑक्सिटेट्रासायक्लिन द्या, ती खाद्यात मिसळून पाच दिवस दिली. मर थांबली, पण पंधरा-वीस दिवसांनी परत सुरू झाली आणि आता मासे खाद्यही पहिल्यासारखं खात नाहीत. डोस कमी पडला का? आता दुसरी भारीतली देऊ का? (सांगोल्याहून एक शेतकरी)

दादा, भारीतली आधी बाजूला ठेवा. लाल चट्टे हे रोगाचं नाव नाहीये, ते नुसतं लक्षण आहे आणि ते तीन-चार कारणांनी येतं. एक म्हणजे अरगुलस, माशाच्या उवा म्हणतात त्या, मासा हातात धरून उजेडात तिरपा केला की डाळीच्या दाण्याएवढी चपटी, जवळजवळ पारदर्शक किडी खवल्यावर सरकताना दिसते. ती जिथे चावते तिथे लाल होतं. तिच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा परिणाम नाही. दुसरं ईयूएस, म्हणजे अंगावर खोल जखमा पडतात तो रोग, तो बुरशीसारख्या जीवामुळे होतो आणि पाणी थंड व्हायला लागलं की डोकं वर काढतो, तिथेही ऑक्सिटेट्रा मुख्य काम करत नाही. त्यासाठी भुवनेश्वरच्या सीफा संस्थेचं सीफॅक्स नावाचं औषध आहे ते वेगळं. आणि तिसरा एरोमोनास नावाचा जिवाणू. तिथे अँटिबायोटिक चालू शकतं, पण गंमत अशी की हा एरोमोनास बाहेरून कुठून येत नाही, तो तुमच्या तळ्यात आणि निरोगी माशाच्या आतड्यात थोडाफार कायमच असतो, गप्प बसून असतो.

आता पाच दिवसांत नेमकं काय झालं ते बघा. आजारी मासा पहिलं काय सोडतो तर खाणं. म्हणजे औषध घातलेलं खाद्य खाल्लं कुणी, तर जे धडधाकट होते त्यांनी. ज्यांना गरज होती ते कोपऱ्यात तोंड वर करून उभे. बरं, खाल्लेलं औषध तरी रक्तात जातं का, तर ऑक्सिटेट्रासायक्लिन माशात फारच कमी शोषलं जातं. सायप्रिनसवर, म्हणजे कॉमन कार्प माशावर, नेदरलँड्समध्ये १९८७ साली झालेल्या प्रयोगात तोंडावाटे दिलेल्या औषधातलं एक टक्कासुद्धा रक्तात पोचलं नव्हतं. पाणी जड असेल, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, आणि आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक जडच, तर हे औषध त्या क्षारांना चिकटून बसतं आणि अजूनच निकामी होतं. मग ते राहतं कुठे? आतड्यात, आणि विष्ठेतून तळ्याच्या तळाशी. म्हणजे रोग असलेल्या जागी औषध जवळजवळ नाही आणि जिथे ते नको होतं तिथे मात्र भरपूर.

आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते, ते खाद्य फोडायला मदत करतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात, आतड्याच्या अस्तरावरची जागा अडवून धरतात म्हणून बाहेरच्या उपद्रवी जिवाणूला पाय रोवायला मिळत नाही. अँटिबायोटिकने ही वस्ती मोडते. नांगरून मोकळं सोडलेल्या रानात पहिलं काय उगवतं, गाजरगवत, तसंच इथे होतं, मोकळ्या जागेत पहिला तोच घुसतो ज्याला औषधाचं काही वाटत नाही. चिलीमध्ये सामन माशांना ऑक्सिटेट्रा देऊन पाहिलं होतं, तो अभ्यास २००८ साली छापून आला, त्यात औषध दिलेल्या माशांच्या आतड्यातली विविधता पार घटली आणि शेवटी जे उरले ते बहुतेक एरोमोनास निघाले, त्यातल्या बऱ्याच जणांकडे टेट्रासायक्लिनला दाद न देणारे जीन होते. म्हणजे ज्याला मारायला गेलो त्यालाच घर मोकळं करून दिलं.

अमेरिकेत गॅम्बुसियावर, म्हणजे मलेरियावाले विहिरीत डास खायला सोडतात त्या बारक्या माशावर, असाच एक प्रयोग झालाय. रिफॅम्पिसिन, हे आपलं टीबीचं औषध, थोडे दिवस दिलं. कातडीवरचे जिवाणू पुढच्या आठवड्याभरात बऱ्यापैकी पूर्वपदावर आले, पोटातले आले नाहीत. नंतर त्या माशांसमोर रोगाचा जिवाणू सोडला तर औषध न दिलेल्या माशांपेक्षा हेच जास्त मेले, आणि वजनही कमी वाढलं. तुमची पंधरा-वीस दिवसांनी परत आलेली मर आणि कमी झालेलं खाणं हे अगदी याच चालीचं आहे. मधे मर थांबली ती औषधाने की पाऊस उघडल्याने की तुम्ही त्या दिवसांत खाद्य कमी टाकलं म्हणून, हे आता देवालाच माहीत.

करायचं काय : दोन दिवस खाद्य पूर्ण बंद, मग नेहमीच्या निम्मं. पहाटे सूर्य उगवायच्या आधी ऑक्सिजन मोजा, दुपारी मोजून काही कळत नाही, दुपारी सगळ्यांचंच चांगलं असतं. अमोनिया आणि नायट्राइटचं किट मिळतं, महाग नाही. कागदाच्या तळ्याला माती नसते त्यामुळे उरलेलं खाद्य आणि घाण मुरत नाही, खाली साचून सडते, ती पाइपने ओढून काढा. आणि प्रयोगशाळेत मासा न्यायचा तर मरायला टेकलेला पण जिवंत न्या, ऑक्सिजनच्या पिशवीत. मेलेला बर्फात घालून नेला तर पोटातले जिवाणू तोवर अंगभर पसरलेले असतात आणि रिपोर्टमध्ये काहीही येतं. तिथे कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जिवाणू वाढवून त्याला कुठलं औषध लागू पडतं ती तपासणी, करून द्या म्हणायचं, नुसतं जिवाणू आहे का एवढं विचारू नका. त्यात औषध लागू पडतंय असं आलं तरच पुढची गोष्ट, आणि मग कोर्स पूर्ण करायचा, साधारण दहा दिवस, माशांच्या वजनावर डोस काढून. पाच दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडलं, हे माणसात चालत नाही ते माशातही चालत नाही.

प्रश्न : आमच्याकडे सोयाबीन भरपूर, भाव मिळत नाही. फिशमीलवालं खाद्य परवडत नाही म्हणून सोयाबीन भरडून माशांना घातलं तर चालेल का? शेजारी म्हणतो सोयाबीनने माशांची आतडी सुजतात. (लातूर)

शेजाऱ्याने कुठेतरी वाचलंय आणि बरोबर वाचलंय, पण ते सामन माशाचं. सामन मांसाहारी, त्याला सोयापेंड जास्त घातली की आतड्याचा शेवटचा भाग सुजतो, घड्या आखूड होतात, हे नव्वदच्या दशकात नीट तपासून झालंय. त्यामागे सोयातलं सॅपोनिन नावाचं द्रव्य आहे, आणि सूज आली की तिथले जिवाणूही बदलतात. सायप्रिनसमध्येही सुरुवातीला थोडी सूज दिसली होती पण काही आठवड्यांत मासा सावरला. आपला रोहू तर पक्का शाकाहारी वळणाचा, त्याला जठरच नसतं, नुसतं लांबच लांब आतडं, शरीराच्या लांबीच्या कितीतरी पट, वेटोळं करून बसवलेलं. कधी मोठा रोहू साफ करताना बघा, संपतच नाही ते. जठर नाही म्हणजे आम्ल नाही, म्हणून जिवाणू जिवंत खाली पोचतात आणि त्या लांब आतड्यात त्यांना कामाला वेळही मिळतो. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत रोहूच्या आतड्यातून सेल्युलोज फोडणारे बॅसिलस जिवाणू वेगळे काढून दाखवलेत, ते खाद्यात मिसळून बोटुकलीवर, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांवर, प्रयोगही केलेत.

पण कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. कच्च्यात ट्रिप्सिनला अडवणारं द्रव्य असतं, प्रथिनं पचतच नाहीत, मासा खातो आणि तसंच बाहेर टाकतो, आणि ते पाण्यात सडतं. भाजून किंवा वाफवून घाला, किंवा सरळ तेल काढलेली पेंड घ्या, ती कारखान्यात तापवलेलीच असते. आणि एकटं सोयाबीन नको, भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड ही जुनी जोडी अजूनही चालते, त्यातल्या पेंडीचा काही भाग सोयाचा करा. नवीन खाद्यावर एका दिवसात उडी मारू नका, आठ-दहा दिवस थोडं थोडं वाढवत न्या. खाद्य बदललं की आतड्यातल्या जिवाणूंचं प्रमाण काही दिवसांत बदलायला लागतं, त्या मधल्या काळात मासा नाजूक असतो, म्हणून खाद्य बदलणं, जाळं ओढणं आणि मासे दुसऱ्या तळ्यात हलवणं हे एकाच आठवड्यात करू नये.

एक गोष्ट मात्र सोयापेक्षा जास्त घातक, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. पावसाळ्यात गोणीत बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड. वास आला, गठ्ठा झाला तर फेका. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, माशाचं यकृत खातं, आणि मग मासा खातो पण वाढत नाही, आणि तुम्ही परत औषधाच्या दुकानात.

प्रश्न : बायोफ्लॉकच्या टाक्या आहेत, तिलापिया आहे. आम्ही महिन्यातून एकदा सेफ्टीसाठी अँटिबायोटिक आणि त्यासोबत प्रोबायोटिक देतो, गूळही टाकतो. तरी अमोनिया खाली येत नाही. प्रोबायोटिक बोगस असेल का? (बारामतीजवळून)

अहो, एका हाताने मारताय आणि दुसऱ्या हाताने तेच विकत आणून टाकताय. अँटिबायोटिकला कुठलं प्रोबायोटिक तुम्ही पैसे मोजून घेतलंय ते कळत नाही. वर बायोफ्लॉकचा सगळा खेळच पाण्यातल्या जिवाणूंवर चालतो, अमोनिया खाणारे तेच, त्यांनाही औषधाचा फटका बसतो, मग अमोनिया कसा खाली येणार. सेफ्टीसाठी अँटिबायोटिक हा प्रकार आजपासून बंद करा, त्याने सेफ्टी येत नाही. युरोपने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालायला २००६ पासून बंदी घातली, ती उगाच नाही.

प्रोबायोटिक बोगस असेलही, बाजारात काहीही मिळतं. पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव, एका ग्रॅममध्ये किती जिवंत, आणि एक्स्पायरी, या तीन गोष्टी नसतील तर घेऊ नका. बॅसिलस असेल तर त्याचे बीजाणू असतात, उन्हातान्हात टिकतात. लॅक्टोबॅसिलस नाजूक, तो गरम पाण्यात कालवला की संपला. आणि चांगलं प्रोबायोटिकसुद्धा माशाच्या पोटात कायमचं घर करत नाही, देणं बंद केलं की थोड्या दिवसांत ते निघून जातं, त्यामुळे महिन्यातून एकदा देऊन उपयोग नाही, द्यायचं तर खाद्यासोबत सलग द्यायचं. गूळ अमोनियाच्या हिशोबाने टाकायचा, अंदाजाने मूठभर टाकला तर रात्री ऑक्सिजन खाऊन टाकतो. लाइट गेली तर अजूनच पंचाईत, बॅकअप आहे ना?

प्रश्न : मी कॉलेजला मत्स्यशास्त्र शिकतोय. माशाच्या आतड्यातले जिवाणू पाण्यातून येतात, मग सगळं पाण्यावरच ठरायला हवं, खाद्याचा एवढा काय संबंध? प्रोजेक्ट करायचाय. (रत्नागिरी)

प्रश्न आवडला. येतात पाण्यातूनच, पण पाण्यात असतात त्या प्रमाणात आत टिकत नाहीत. २००६ साली अमेरिकेत एक फार सुंदर प्रयोग झाला, जिवाणूमुक्त वाढवलेल्या झेब्राफिशच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वापरतात त्या बारक्या माशाच्या, पोटात उंदराच्या आतड्यातले जिवाणू घातले आणि जिवाणूमुक्त उंदरात झेब्राफिशचे. थोड्या दिवसांनी बघतात तर जिवाणू आलेले पाहुण्याचे, पण त्यांचं प्रमाण यजमानाच्या वळणावर गेलेलं. म्हणजे कुणाला थारा द्यायचा ते आतडं ठरवतं, आणि आतड्यात काय परिस्थिती असेल ते बऱ्यापैकी खाद्य ठरवतं. त्याच गटाने त्याआधी २००४ मध्ये दाखवलं होतं की जिवाणू असण्या-नसण्याने झेब्राफिशच्या आतड्यात २१२ जीनचं काम बदलतं, त्यात पचनाचे आले, प्रतिकारशक्तीचे आले.

आपल्या गोड्या पाण्यातल्या माशांसाठी सेटोबॅक्टेरियम सोमेरी हे नाव लक्षात ठेव. सायप्रिनस, तिलापिया यांच्या आतड्यात तो भरपूर सापडतो आणि बी-१२ तयार करतो. तिलापियाला खाद्यातून बी-१२ द्यावं लागत नाही ते यामुळेच. पाण्यातून अँटिबायोटिक गेलं तर या असल्या कामाच्या जिवाणूंवर काय होतं, हा प्रोजेक्टला चांगला विषय आहे. फक्त नमुने घेताना आतड्यातला ऐवज वेगळा आणि अस्तर खरवडून वेगळं घे, दोन्हीत वेगळे जिवाणू निघतात, आणि त्याच दिवशीचं पाणी आणि खाद्य यांचेही नमुने घे. हे न घेता केलेले प्रोजेक्ट मी बरेच बघते, मग त्यातून काहीच म्हणता येत नाही. नमुना घ्यायच्या आधी सगळ्या माशांना शेवटचं खाद्य कधी दिलं तेही सारखं ठेव.

प्रश्न : नोकरीमुळे नॉर्वेत राहते. इथे सामन फार्मवर अँटिबायोटिक जवळजवळ वापरतच नाहीत म्हणतात. खरंय का, आणि मग आपल्याला का जमत नाही?

खरंय. १९८७ मध्ये तिथे जवळपास ५० टन अँटिबायोटिक वापरली गेली होती, तेव्हा सामनचं उत्पादनही जेमतेम पन्नास हजार टनांच्या आसपास. आता उत्पादन दहा लाख टनांच्या पुढे आहे आणि अँटिबायोटिक गेल्या दहा वर्षांत वर्षाला एक टनाच्याही खाली. हे झालं मुख्यतः लसीमुळे, एकेका पिल्लाला पोटात इंजेक्शन देऊन, शिवाय एका जागेवर एकाच वयाचे मासे, मधे जागा रिकामी ठेवणं वगैरे. खाद्यही बदललंय, १९९० च्या सुमारास नव्वद टक्के समुद्रातलं होतं, आता सत्तर टक्क्यांच्या वर वनस्पतींचं आहे, पण साधी सोयापेंड नाही, सॅपोनिन धुऊन काढलेलं सोया प्रोटीन. लातूरच्या काकांनी हेही वाचावं.

तोच सामन चिलीतही वाढवतात आणि तिथे मात्र वर्षाला शेकडो टन अँटिबायोटिक जातं, कारण तिथला मुख्य रोग ज्या जिवाणूने होतो तो माशाच्या पेशीच्या आत लपतो आणि लसी त्याच्यावर हव्या तशा चालत नाहीत. त्यामुळे नॉर्वे शहाणं आणि बाकीचे वेडे असं सरळ नाहीये. आपल्याकडे रोहूला किलोमागे जो भाव मिळतो त्यात एकेका बोटुकलीला इंजेक्शन कोण देणार? आणि किनाऱ्यावरच्या व्हनामी कोळंबीला तर लसीने माशासारखी प्रतिकाराची आठवण राहतच नाही. तिथे हातात उरतं ते बीज, पाणी आणि खाद्य.

प्रश्न : पालघरकडे कोळंबीचे पाँड आहेत. आम्ही अँटिबायोटिक वापरत नाही तरी टेस्टमध्ये निघालं. कसं?

बहुतेक बिनलेबलच्या मिनरल मिक्स, गट टॉनिक (आतड्याचं टॉनिक) असल्या डब्यांतून. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना बंदीच आहे, त्यांची खूणसुद्धा चालत नाही. युरोपने २०१६ पासून आपल्याकडच्या शेतीच्या कोळंबीची तपासणी दहा टक्के मालावरून पन्नास टक्क्यांवर नेलीय. घेतलेल्या प्रत्येक डब्याचं बिल आणि बॅच नंबर ठेवा, थोडासा माल बाजूला ठेवा आणि काढणीच्या आधी एम्पेडाच्या, म्हणजे समुद्री माल निर्यातीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, लॅबमधून टेस्ट करून घ्या. कोळंबीच्या व्हाइट स्पॉट रोगासाठी कुणी अँटिबायोटिक विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा, तो व्हायरस आहे.

प्रश्न : ताई, आम्ही फक्त खाणारे. बाजारातल्या तळ्याच्या माशात औषधं असतात म्हणून मुलांना द्यायला भीती वाटते. शिजवल्यावर जातं का सगळं? (डोंबिवली)

जिवाणू जातात, नीट शिजवलं की. औषधाचा अंश मात्र शिजवून पूर्ण जाईलच असं नाही. त्यासाठी कायद्याने मर्यादा ठरलीय, ऑक्सिटेट्रासायक्लिनला किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, आणि काढणीच्या आधी औषध बंद ठेवायचा काळ पाळला तर मासा त्याच्या आत येतो. अमेरिकेत या औषधासाठी तो २१ दिवस धरतात, पाणी थंड असेल तर माशातून औषध सावकाश उतरतं, म्हणजे हिवाळ्यात जास्तच थांबायला हवं. आठवड्यातून एक-दोनदा मासा खाणाऱ्याने घाबरून मासा सोडावा असं मला अजिबात वाटत नाही.

घरात जपायचं ते वेगळंच. औषधाला दाद न देणारे जिवाणू असले तर ते आतड्यात आणि कल्ल्यात जास्त असतात, आणि ते पोटात जातात ते कालवणातून नाही, तर ज्या विळीवर मासा कापला त्याच विळीवर मग कोशिंबिरीची काकडी चिरली म्हणून. आतडं न फाडता काढायचं, कल्ले काढायचे, कोळीणबाईकडूनच साफ करून आणलं तर उत्तम. आणि फ्रीजरमध्ये ठेवलं म्हणजे जिवाणू मेले असं नसतं, ते नुसते थांबतात.

प्रश्न : मासे विकायच्या आदल्या दिवशी व्यापारी खाद्य बंद ठेवा म्हणतो. वजन कमी भरावं म्हणून का? (भिगवण)

नाही हो, या वेळी व्यापारी बरोबर आहे. पोट रिकामं असलं की मासा वाहतुकीत पाणी घाण करत नाही, जास्त टिकतो, आणि काढल्यावर आतड्यातले जिवाणू मांसात उतरायला वेळ लागतो. एक दिवस पुरे, उन्हाळ्यात तेवढंही भरपूर. जाळं पहाटे ओढा.